हवंसं वाटणं

आपल्याला आपला नवरा एवढा का हवा असतो, हा प्रश्न ऋजुताला पहिल्यांदा पडला तो धाकट्या बहिणीच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये. खरं म्हणजे नवऱ्याचा विचार करायला ती तिथं गेलीच नव्हती. गेली होती बहिणीला ओढून आणायला.

आई नाशिकला इस्पितळात होती. हृदयाची एक झडप बदलायची होती. देवयानी पुण्यात, विम्याचे दावे तपासणाऱ्या एका कंपनीत. “येते गं ताई, हातातलं एवढं संपवते आणि निघते,” असं ती फोनवर रोज म्हणायची आणि रोज राहायची. शेवटी ऋजुताच सकाळची बस पकडून पुण्याला गेली.

देवयानी लिफ्टमधून घाईघाईनं बाहेर आली. वाळली होती, डोळे मात्र लखलखीत. बसली तीसुद्धा खुर्चीच्या टोकावर.

“पटकन बोल हं ताई.”

“परवा आईचं ऑपरेशन आहे.”

“माहितेय.”

“मग?”

“मग काय? यायला हवं ते मला कळतं गं. काल बॅगसुद्धा भरली. सकाळी उठले, बॅगेकडे बघितलं आणि... इकडेच यावंसं वाटलं. आले.”

“दिवाळीत तर रडत होतीस. या कामानं डोकं कुजलं म्हणून.”

“हो ना!” देवयानीला स्वतःचंच नवल वाटत होतं. “अजूनही कुजतंच. तेच तेच फोटो. फुटलेले बंपर, भिजलेली गोदामं. आवडत नाही मला ताई, अजिबात आवडत नाही. पण हवं असतं. भूक लागते ना, तसं. रविवारी तर पोटात खड्डा पडतो.”

“काही घेतेस का तू?”

“किल्ली ना? ती सगळेच घेतात. सक्ती वगैरे नाही हं. सकाळच्या चहाबरोबर टेबलावर येते.” देवयानीनं खिशातून अर्धी उरलेली पट्टी काढून दाखवली. “ही रविवारसाठी ठेवलीय.”

पिवळट रंगाची लांबुडकी गोळी, मधोमध तिरकी रेघ. ऋजुताला ती ओळखायला वेळ लागला नाही. तीच गोळी ती स्वतः रोज सकाळी घेत होती, डॉक्टरांनी लिहून दिलेली. ती नसती तर ऋजुता पुण्यापर्यंत काय, घराच्या दारापर्यंतही आली नसती.

“देवू, घेताना समोर काय असतं गं?”

“समोर? स्क्रीन. दुसरं काय असणार?”

आपल्यासमोर काय असायचं ते तिला आठवत होतं. नवरा असायचा, निनाद.

*

काही वर्षांपूर्वी एका तापाची साथ आली होती. त्याला शास्त्रीय नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. लोक त्याला थिजवा म्हणायचे. ताप आठवडाभरात उतरायचा, पण काहीजण त्यातून उठायचेच नाहीत. लकवा नाही, वेदना नाहीत, बुद्धी शाबूत. ‘ऊठ’ म्हटलं की उठायचे, ‘बस’ म्हटलं की बसायचे. काही सांगितलं नाही तर जिथं होते तिथंच राहायचे.

ऋजुता अशी कित्येक महिने होती. शहरातल्या तरणतलावावर पोहायला शिकवणारी, दिवसभर शिटी वाजवत काठानं धावणारी बाई खिडकीशी ठेवलेल्या कुंडीसारखी झाली. विचित्र म्हणजे तिला ते दिवस नीट आठवत होते. समोर पाण्याचा पेला असायचा. घसा कोरडा पडलेला कळायचा. पेला उचलून तोंडाला लावला की तहान भागते, हेही कळायचं. पण तहानेपासून पेल्यापर्यंत जो काही धागा जातो तो तुटला होता. याचं तिला दुःखही होत नव्हतं. दुःख व्हायला आधी काहीतरी हवं असावं लागतं.

डॉ. इम्तियाज मुजावर यांनी निनादला हे समजावून सांगितलं तेव्हा ती शेजारच्याच खुर्चीवर होती.

“आवडणं आणि हवंसं वाटणं आपल्याला एकच वाटतं,” डॉक्टर म्हणाले होते. “मेंदूत त्यांची घरं वेगळी आहेत. यांच्या जिभेवर साखर ठेवा, चेहरा खुलेल. म्हणजे आवडणं जागेवर आहे. पण साखरेच्या डब्याकडे हात जाणार नाही. मेंदूत खोलवर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ‘हे बघ, हे तुझं, ऊठ आणि घे,’ असं तो सांगतो. तापानं तो जवळपास विझवलाय.”

“मग उत्तेजक औषधं देऊन काही...?”

“जुनी देऊन पाहिली. ती सगळ्या मेंदूलाच चाबूक मारतात. छाती धडधडते, झोप उडते, माणूस खोलीभर येरझाऱ्या घालतो, पण पेला काही उचलत नाही. ही नवी गोळी तशी नाही. त्या पुंजक्यातल्या उरल्यासुरल्या पेशींनाच ती जागं करते, तेही अर्धा-पाऊण तास. तेवढ्या वेळात माणसासमोर जे असेल त्याच्याशी त्या पेशींची गाठ बसते. रोज बसवत गेलं की पक्की होते. मग गोळीचा अंमल उतरला तरी ती गोष्ट हवीशी वाटत राहते.”

“समोर काय ठेवायचं?”

“ते घरच्यांनी ठरवायचं. पाणी, जेवण, कंगवा, माणसं. यांना आधी जे जे हवं असायचं ते. नीट विचार करून ठरवा.” डॉक्टर चष्मा पुसत राहिले. “आणि गोळ्या जपून ठेवा. असल्या औषधांचा इतिहास काही बरा नाही. चोंदलेलं नाक मोकळं करायला निघालेलं उत्तेजक बघता बघता रणांगणावर सैनिकांच्या खिशात गेलं, तिथून बारीक होऊ पाहणाऱ्या बायकांच्या पर्समध्ये आणि तिथून गल्लीबोळात. आजाऱ्यापुरतं ते थांबलं नाही.”

त्यानंतर निनाद रोज सकाळी तिला गोळी द्यायचा, पेला पुढं सरकवायचा आणि समोर स्टुलावर बसायचा. एका सकाळी तिचा हात आपणहून पेल्याकडे गेला. मग कंगव्याकडे, मग आमटीच्या वाटीकडे. आणि पुढं एकदा तिनं हात उचलून निनादच्या गालावर ठेवला, तेव्हा तो स्टुलावरून उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

आजारपणानं संसार सावरला, असं येणारे-जाणारे म्हणायचे. कारण तो मोडायला आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताप येण्याआधी ऋजुता निघून जाणार होती. भंडारदऱ्याला, धरणाच्या जलाशयावर, बुडणाऱ्यांना वाचवणारी पथकं तयार करण्याचं केंद्र निघालं होतं आणि तिथं प्रशिक्षक म्हणून तिला बोलावणं आलं होतं. निनाद काही वाईट माणूस नव्हता. इमारतींचे नकाशे काढायचा, वेळेवर घरी यायचा. पण त्या घरात ती एकटी राहायची आणि तो तिथं उतरायला आल्यासारखा असायचा. “मी जातेय, बहुतेक कायमची,” असं तिनं सांगितलं तेव्हा त्यानं मोबाइलवरून नजर वर केली आणि “बरं” म्हणाला. एवढंच. बॅगा बांधून झाल्या आणि तिला ताप भरला.

जाण्याची सगळी कारणं आता तिला आठवत होती. पण एखाद्या परक्या बाईचा पत्ता आठवावा, तशी. जिन्यात निनादची पावलं वाजली की तिच्या पोटात ऊन पडल्यासारखं व्हायचं. तो अजूनही ‘बरं’ म्हणायचा आणि आता तेही गोड लागायचं. प्रेम म्हणतात ते हेच असणार, असं धरून ती इतकी वर्षं चालली होती.

*

देवयानीला तिनं हाताला धरूनच नाशिकला आणलं. इस्पितळाच्या बाकावर बहीण शेजारी बसली खरी, पण तिची बोटं मांडीवर टकटक करत होती, जणू खाली कीबोर्ड आहे. ऑपरेशन चांगलं झालं. आई शुद्धीवर आल्या आल्या म्हणाली, “देवू आली का गं?” देवयानी ओक्साबोक्शी रडली. रडतानाही तिची नजर पुन्हापुन्हा दाराकडे जात होती.

“मला आईपाशीच थांबायचंय ताई,” ती बाहेर येऊन म्हणाली. “मनापासून थांबायचंय. पण हवं ते तिकडे आहे. असं कसं होतं गं? मन एकीकडे आणि हवं ते दुसरीकडे?”

ऋजुताच्या बाबतीत मन कुठं आणि हवं ते कुठं, हेच तिला कळेनासं झालं होतं.

त्याच सुमारास किल्लीच्या बातम्या रोज यायला लागल्या. कुठल्याशा शिकवणीवर्गात अभ्यासाआधी मुलांना दुधातून देत होते. एका प्रचारसभेत उमेदवाराच्या भाषणाआधी ताक वाटलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्या बंगल्याबाहेर उगाचच येऊन उभे राहायला लागले. मुलगी बघायच्या कार्यक्रमात पोह्यांतून गोळी दिल्याच्या तक्रारी आल्या, त्याही दोन्ही बाजूंकडून. तिच्यामुळे कुणी बेशुद्ध पडत नव्हतं, कुणाला भास होत नव्हते. लोकांना फक्त काहीतरी हवंसं वाटत होतं, आणि त्यात गुन्हा नेमका कोणता, यावर टीव्हीवर वकील तासन्‌तास भांडत होते.

ऋजुता डॉ. मुजावरांकडे गेली. ते बरेच म्हातारे दिसायला लागले होते. चौकशी समितीपुढे साक्षी देऊन थकले होते. देवयानीची हकीकत तिनं त्यांना सांगितली.

“एकच विचारायचंय डॉक्टर. मला निनाद हवा असतो, ते गोळीमुळे का?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “गोळीचा वाटा नक्की आहे. पण आधीचं काही असेलच ना? इतक्या वर्षांचा संसार.”

“आधी मी त्याला सोडून चालले होते.”

“सोडून चाललेल्या माणसालाही दुसरा हवा असू शकतो, ताई.”

“मग दोन्ही वेगळं काढून बघता येईल? गोळीचं किती आणि माझं किती?”

“नाही. गाठ सोडवता येते आता. तुमच्या बहिणीसारख्यांसाठी तोच उपचार सुरू केलाय आम्ही. एखादी आठवण जागी केली की ती क्षणभर सैल होते आणि मग परत घट्ट बसते. ती सैल असतानाच दुसरं एक औषध दिलं तर पुन्हा बसत नाही. असं काही आठवडे करायचं. पण ती सगळीच सुटते. गोळीनं मारलेली गाठ आणि आयुष्यानं मारलेली गाठ, पेशीला दोन्ही सारख्याच. सुटल्यावर काही उरलं नाही, तर आधीही काही नव्हतं, असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.”

म्हणजे तपासून बघायला जावं, तर ज्याची तपासणी करायची तेच पुसलं जाणार. ऋजुता उठली. डॉक्टर दारापर्यंत आले आणि अडखळत म्हणाले, “एक मात्र मला तेव्हाही खटकलं होतं. तुम्ही पोहणाऱ्या. मी म्हटलं होतं, यांना तलावावर नेऊन गोळी देत जा. निनादराव म्हणाले, तिला पाण्याची भीती वाटते. तुम्हाला वाटायची?”

“मला?” ऋजुता म्हणाली. “पाण्याची?”

*

निनाद टेबलाशी मटार सोलत बसला होता. तिला बघून हसला आणि झालंच, पोटात ऊन पडलं. तिनं दाराची चौकट धरून ठेवली.

“निनाद, मला पाण्याची भीती कधी वाटायची?”

त्याच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. “डॉक्टर बोलले?”

“हो.”

“बस ना.”

“नाही बसणार. बसले की तुझ्याजवळ सरकावंसं वाटतं.”

निनादनं शेंग खाली ठेवली. “तलावावर नेलं असतं तर तुला पाणी हवंसं झालं असतं. मग बरी झाल्यावर तू भंडारदऱ्याला गेली असतीस. असं काही मी तेव्हा मांडून बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं.”

“पाणी काढून टाकलंस आणि स्वतःला समोर ठेवलंस.”

“दुसरं कोण होतं?”

ऋजुताची कानशिलं तापली. आजारानंतर तिला असा राग कधी आलाच नव्हता. हा राग कुणी स्टुलावर बसून तिला सकाळ-सकाळी दिलेला नव्हता. तो तिचा तिलाच आला होता. तिला त्याचा आधार वाटला आणि लगेच धास्तीही, की समोरच्या माणसाकडे आणखी थोडा वेळ बघितलं तर तो विरघळून जाईल. म्हणून ती मटारांकडे बघत बोलायला लागली.

“मला विचारायला हवं होतंस.”

“कसं विचारणार? तू होही म्हणत नव्हतीस आणि नाहीही.”

“म्हणून तुला हवी तशी बायको करून घेतलीस?”

“हवी नव्हतीस,” निनाद म्हणाला.

तिनं मान वर केली.

“नव्हतीस हवी, ऋजू. हेच तुला कधी सांगितलं नाही. जाते म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. मग तू अशी पडलीस. तुझ्या आई थकलेल्या, देवयानी लांब. तुझं तोंड पुसायचं, तुला संडासला न्यायचं. शिसारी यायची मला. ही आपल्याला सोडून चालली होती आणि आपण हिची लाळ पुसतोय, असं मनात यायचं. एकदा तुला खुर्चीत तशीच ठेवली आणि खाली जाऊन गाडीत बसलो. दुपार झाली. वर आलो तर तू तशीच. ओठावर माशी बसली होती. तीही हाकलली नव्हतीस.”

ऋजुताला ती माशी आठवत होती.

“दुसऱ्या दिवसापासून मीही घ्यायला लागलो. स्वयंपाकघरात एक गिळायची आणि मग तुझ्यासमोर येऊन बसायचं. गोळ्या सांडल्या, दमट झाल्या, असं डॉक्टरांना सांगायचो. थोड्याच दिवसांत तुझं तोंड पुसायला बरं वाटायला लागलं. ऑफिसात असताना तू आठवायचीस. आता तर... आता तू दोन दिवस पुण्याला गेलीस तरी मला घर खायला उठतं. पण ते माझं आहे की गोळीचं, मला सांगता येणार नाही. विचारायचं धाडसच झालं नाही कधी.”

बसायचं नाही म्हणून ठरवलं होतं, पण ऋजुता खाली बसली. तिचा सगळा हिशेबच चुकला होता. आपल्याला बांधून घेणारा माणूस स्वतःलाही शेजारीच बांधून घेत होता. तिनं आठवून पाहिलं. डॉक्टरांशी तो पाण्याबद्दल खोटं बोलला तेव्हा त्यानं एकही गोळी घेतलेली नव्हती. आणि नको असलेल्या बाईची सेवा करता यावी म्हणून पहिली गोळी उचलली, तेव्हाही घेतलेली नव्हती. दोन्ही त्यानं शुद्धीत केलं होतं. एकासाठी त्याला घराबाहेर काढावं आणि दुसऱ्यासाठी त्याचे हात हातात घ्यावेत, आणि माणूस तर एकच होता.

“मी भंडारदऱ्याला जाते,” ती म्हणाली.

“तुला पाणी हवंसं वाटतंय?”

“नाही. जरासुद्धा नाही.”

“मग?”

“जी जायला निघाली होती तिला वाटत होतं. तिला काय हवं ते तिचं तिनंच ठरवलं होतं. निदान तिचं तरी ऐकून बघते.”

निनाद ‘बरं’ म्हणेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, “जाऊ नकोस.” आणि तिला एवढा आनंद झाला की त्या आनंदाच्या भीतीनंच तिनं त्याच संध्याकाळी बॅग भरली.

*

केंद्रात आसपासच्या गावांतले तरुण-तरुणी शिकायला येत. जलाशयाचं पाणी हिरवं आणि गार. ऋजुता रोज त्यात उतरायची, दात घासावेत तशी. हातपाय सगळं विसरले नव्हते, चांगलं पोहायचे. पण पूर्वी पाण्यात शिरताना काहीतरी व्हायचं, ते होत नव्हतं. शिकणाऱ्यांना ते कळलं नाही. बुडणाऱ्याला मागून कसं धरायचं, त्यानं मिठी मारली तर कसं सुटायचं, हे ती त्यांना व्यवस्थित शिकवत होती.

सकाळ मात्र अवघड जायची. गोळी चुकवणं शक्य नव्हतं. चुकवली तर काही दिवसांत ती पुन्हा थिजली असती. पण घेताना समोर काय ठेवायचं? पाणी ठेवलं तर पाण्याचीही गाठ बसेल आणि तीही गोळीचीच असेल. म्हणून ती डोळे मिटून बसायची. मिटल्या डोळ्यांपुढं निनाद यायचा. म्हणजे इतक्या लांब येऊन आपण गाठ सोडतोय की रोज आणखी आवळतोय, हेही तिला समजेना.

मध्ये किल्लीवर बंदी आली. थिजव्याच्या रुग्णांनाच ती मिळायची, तीही सरकारी दवाखान्यातून. देवयानी नोकरी सोडून आईकडे राहायला आली होती. डॉक्टर मुजावरांचा उपचारही घेऊन झाला होता. “आता काही खुणावत नाही गं,” ती फोनवर म्हणायची. “शांत वाटतं. फार शांत वाटतं. आईला चालायला नेते रोज. बरं चाललंय असं म्हणायचं का याला?”

एका रविवारी सकाळी निनाद आला. त्यानं कळवलं नव्हतं. केंद्राच्या फाटकाशी तो उभा दिसला आणि ऋजुताचे पाय आपोआप पळायला लागले. जवळ जाऊन ती थबकली. त्याच्या चेहऱ्यात काहीतरी कमी होतं. दिवा मालवलेल्या खोलीसारखा तो दिसत होता. खोली तीच होती.

“मी सोडवून घेतली,” तो म्हणाला.

“काय?”

“गाठ. डॉक्टर मुजावरांकडे. तुझे फोटो दाखवायचे, तुझा आवाज ऐकवायचे आणि ते औषध द्यायचे.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू नको म्हणाली असतीस. आणि मी ऐकलं असतं.”

ऋजुतानं फाटकाचा गज धरला. “मग? आता?”

निनादनं तिच्याकडे नीट बघून घेतलं, एखाद्या जागेची मापं घ्यावीत तसं. “आता काही नाही वाटत. ओळखतो तुला. सगळं आठवतं. तुझं बरं व्हावं असं वाटतं, पण ते कुणाचंही वाटतं. वाटेत बस बंद पडली होती. परत फिरावं लागलं असतं तरी चाललं असतं, असं मनात आलं.”

तिला त्याचा हात धरायचा होता. हाताला मुंग्या येतील इतका धरायचा होता. तिनं हात पाठीमागे घेतले. “मग आलास कशाला?”

“यायचं ठरवलं होतं.”

“कधी? सोडवून घ्यायच्या आधी?”

“आधी. आणि नंतर पुन्हा एकदा.” त्यानं खांद्यावरची पिशवी सावरली. “नंतर ठरवताना फार वेळ लागला. कारणच सापडेना. पण आलो.”

खाणावळीत त्यांनी पिठलं-भाकरी मागवली. निनाद बोलत होता. इतकं सलग तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. त्या वेळी ‘बरं’ म्हणालो, कारण दुसरं काय म्हणायचं ते येत नव्हतं, म्हणाला. गाडीत बसलो होतो त्या दिवशी तुला मारून टाकावं असं मनात आलं होतं, म्हणाला. हे सगळं तो चेहरा न बदलता, मीठ पुढं करावं तसं सांगत होता. ऋजुता ऐकत होती आणि रडत होती. रडू रागाचं होतं की सुखाचं, याचा शोध घ्यायचं तिनं सोडून दिलं.

“पाणी?” त्यानं मग विचारलं. “हवंसं वाटायला लागलं?”

“नाही अजून.”

“तरी उतरतेस?”

“तरी उतरते.”

तो हसला. त्या हसण्यात ऊब नव्हती, पण ते तिच्यासाठीच होतं. दोघांनी आणखी एकेक भाकरी घेतली.

“तू सोडवून घेणार?” त्यानं विचारलं.

“सोडवली तर आपण दोघं परके होऊ. मग कोण कशाला येईल?”

“मी आलो की.”

ज्याला काही वाटत नाही तो एवढा घाट चढून आला होता. जिला इतकं वाटतं ती त्याच्यापासून पळून इथं येऊन राहिली होती. यातलं प्रेम कुठलं, असं डॉ. मुजावरांना विचारावं, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, बिचारे चष्मा पुसत बसतील.

परतीची बस आली. निनाद खांद्याला पिशवी अडकवून निघाला. ऋजुता थांब्यापर्यंत गेली. विचारायचं नाही असं ठरवूनही तिच्या तोंडून गेलंच, “पुढच्या रविवारी?”

निनाद विचारात पडला. “वाटण्यावर ठेवलं तर नाही जमायचं.”

“मग?”

कंडक्टरनं घंटी मारली. निनादनं दांडा धरून पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळला.

“येतो,” तो म्हणाला.

निघताना सगळेच तसं म्हणतात. जाणाऱ्यानं ‘जातो’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. बस वळणाआड गेली, तिचा आवाजही घाटात विरला, आणि ऋजुता त्या एका शब्दाकडे उलटसुलट बघत थांब्यावर उभी राहिली. तो निरोप होता की उत्तर, हे काही केल्या तिला ठरवता येईना.